एक पेटी नवी, एक जुनी

खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी मला नोकरी विचारली नाही, गाव विचारलं नाही, लग्नाचंही विचारलं नाही. एका लाकडी खुर्चीवर बसवलं, हातात करड्या रंगाचा एक मफलर दिला आणि म्हणाले, "हा डोळ्यांवर बांधा."

मी दाराकडे पाहिलं. दार सताड उघडं होतं आणि उंबऱ्यापाशी शेजारच्या मावशी मेथी निवडत बसल्या होत्या. माझा चेहरा बघून त्या म्हणाल्या, "बांधा, बांधा. समद्यांनाच बांधाया लावतात. काल दूधवाल्याला बी बांधला."

बांधला. समोर कुठेतरी एक गाणं सुरू झालं, थांबलं, आणि तेच पुन्हा सुरू झालं.

"आधीचं चांगलं की नंतरचं?"

"नंतरचं."

"का?"

"आधीच्यात ती बाई तोंडाला पदर लावून गातेय असं वाटत होतं."

मी मफलर सोडला तेव्हा ते खूश होऊन हसत होते. "खोली तुमची," म्हणाले. "भाडं किती ते मावशींना विचारा, माझ्या लक्षात नाही राहत." अशी मी उपनगर नावाच्या भागातल्या त्या कॉलनीत त्यांची भाडेकरू झाले, आणि पुढची सहा-सात वर्षं महिन्यातून दोन-तीनदा तरी डोळ्यांवर मफलर बांधून त्या खुर्चीवर बसत राहिले. मी शाळेत मराठी शिकवते हे त्यांना महिनाभराने कळलं. तेव्हापासून मी त्यांची 'बाई' झाले. मी त्यांना काका म्हणायचे.

काका ओझरच्या विमानांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर कंपनीच्या बसने गेले-आले. विमानातली यंत्रं, म्हणजे उंची दाखवणारी, वेग दाखवणारी घड्याळं जोडण्याचं काम. अंगाने काटकुळे, कायम पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, आणि लोक पेन अडकवतात त्या खिशात एक बारीक स्क्रूड्रायव्हर. विहारात वंदनेला जातानाही तो तिथेच असायचा. एकदा एका लग्नात आहेराच्या पाकिटावर नाव लिहायला कुणी पेन मागितलं तर त्यांनी तोच काढून दिला होता, असं मावशी सांगतात. मावशींच्या सांगण्यातलं अर्धं सोडून द्यायचं असतं, पण हे खरं असावं.

निवृत्तीनंतर त्यांनी एकच काम धरलं होतं. जुने, लाकडी, दोघांनी मिळून उचलावे लागतील असे स्पीकर लोक त्यांच्याकडे आणायचे आणि ते त्यातले म्हातारे झालेले कंडेन्सर काढून नवे घालायचे. बस, एवढंच. टीव्ही नाही, मोबाईल नाही, मिक्सर तर नाहीच. स्पीकरला ते स्पीकर म्हणत नसत, 'पेटी' म्हणत. पेटी म्हणजे हार्मोनियम असं मी एकदा सांगायला गेले, तर म्हणाले, "ती वाजवायची पेटी. ही वाजणारी."

मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. त्यांनीच एकदा समजावलं.

"पंखा हळू फिरायला लागला की आपण काय म्हणतो? कंडेन्सर गेला. तसंच इथं. पेटीत एक मोठा स्पीकर असतो, तो जाड आवाजाचा. एक छोटा, तो बारीक आवाजाचा. आता आतमध्ये सगळा आवाज एकत्रच येतो. म्हणजे आपला द्वारकेचा चौक समजा. मध्ये हवालदार नको? जाड, तू इकडे. बारीक, तू तिकडे. तो हवालदार म्हणजे कंडेन्सर. वीस-तीस वर्षांनी हा आतून सुकतो. मग बारीक आवाजाला वाटच देत नाही नीट. गाणं वाजत असतं, पण त्यातली धार गेलेली असते."

"आणि मालकाला ते कळत नाही?"

"कसं कळणार? रोज थोडं थोडं जातं ना. रोज घरात दिसणारं पोर किती वाढलं ते आईबापाला कळतं का? पाहुण्याला कळतं."

हे वाक्य मला पुढे बऱ्याचदा आठवणार होतं.

त्यांची कामाची पद्धत मात्र गिऱ्हाइकाचा जीव खाणारी होती. दोन पेट्या आणल्या की ते एकाच पेटीतले कंडेन्सर बदलायचे. दुसरी जशीच्या तशी ठेवायची. मग मालकाला म्हणायचे, घरी घेऊन जा, आठवडाभर ऐका, नंतर या. मालक म्हणायचा, अहो काका, एवढं ओझं परत कुठे नेऊ, दोन्हीत घालून टाका ना. काका ऐकायचे नाहीत. आठवड्याने मालक आला की त्याला खुर्चीवर बसवून मफलर, आणि "नवी कुठली सांगा". ओळखता आली नाही तर जुनेच परत घालून द्यायचे. आणि काढलेले कंडेन्सर स्वतःकडे ठेवायचे नाहीत, दुधाच्या धुतलेल्या पिशवीत गाठ मारून मालकाच्या हातात द्यायचे. "तुमचे आहेत. फेकायचे तर तुम्ही फेका."

एकदा गंगापूर रोडवरून एक जोडपं आलं होतं. नवरा मोठा शौकीन, नेटवर वाचून आलेला, काकांना शिकवूनच सोडत होता. त्याने नवी पेटी लगेच ओळखली आणि म्हणाला, दुसरीतही घाला. काका म्हणाले, "थांबा, वहिनींना बसू द्या." वहिनी नको नको म्हणत बसल्या. तीनदा लावलं आणि तिन्ही वेळा त्यांनी जुन्या पेटीकडे बोट दाखवलं. "ही छान. ती डोक्यात जाते," म्हणाल्या.

"घरात जास्त वेळ कोण ऐकतं?" काकांनी विचारलं.

"हीच ऐकते," नवरा म्हणाला. "मी कामावर असतो."

"मग विषय मिटला." आणि त्या शहाण्या माणसाच्या देखत काकांनी नवी पेटी उघडून जुने कंडेन्सर परत डागले. तो बिचारा चहासुद्धा न पिता गेला. वहिनी मात्र प्याल्या.

हा मफलरचा प्रकार त्यांनी कारखान्यातून आणला होता. मफलर नव्हे, त्यामागचा नियम. तिथे म्हणे, ज्याच्या हातचं काम असेल त्याने ते तपासायचं नाही. दुसऱ्याने तपासायचं, तो 'पास' म्हणाला तरच ते विमानात जायचं. "मी कितीही हुशार असलो तरी माझी चूक मला दिसत नाही," काका म्हणायचे. "कारण बघणारा डोळा पण माझाच." म्हणून ते पेटी तयार झाली की स्वतः तिच्याविषयी काही बोलायचेच नाहीत. दूधवाला, कुरिअरवाला, मावशी, मी, जो सापडेल तो खुर्चीवर. मी इगतपुरीची असल्याचं कळल्यावर मात्र त्यांना थोडी शंका आली होती. "तिकडे चार महिने पत्र्यावर पाऊस ऐकून कान बधिर होत असतील," म्हणाले. मी म्हटलं, उलट आम्हाला त्या पावसातूनही स्टेशनवरची घोषणा ऐकू येते. तेव्हा त्यांनी मफलर पुढे केला.

त्यांच्या कानांची कॉलनीत दहशत होती. मी वरच्या माझ्या खोलीत मिक्सर लावला की खालून हाक यायची, "बाई, त्याचं बुश गेलंय, मोटर जळेल." गल्लीत शिरणाऱ्या रिक्षाच्या आवाजावरून ते कुणाची रिक्षा ते सांगायचे. जयंतीच्या मिरवणुकीत डीजे आला की ते पोरांशी भांडायला थेट गाडीपाशी जायचे. आवाज मोठा म्हणून नाही, "अरे, ह्यात गाणाऱ्याचे शब्द कुठायत?" म्हणून. पोरं त्यांना सरबत पाजून परत पाठवायची.

आणि तरी जिन्यातल्या इन्व्हर्टरचं मला नवल वाटलं. एका दुपारी मी शाळेतून आले तर त्याची बारीक शिट्टी चालू होती, पीं, पीं, पीं, डोकं उठवणारी. काका त्याच्यापासून हातभर अंतरावर पायरीवर बसून पेपर वाचत होते. मी म्हटलं, "काका, हा कधीपासून ओरडतोय?" त्यांनी वर बघितलं. "कोण?"

मला वाटलं, पेपरमध्ये गढलेत.

त्यांच्या स्वतःच्याही दोन पेट्या होत्या. हॉलमध्ये तसबिरींच्या खाली, दोन बाजूंना, खाली सागवानी पाट. ओझरचा एक साहेब बदली होऊन जाताना त्यांनी त्याच्याकडून घेतल्या होत्या. या पेट्यांसमोर मात्र त्यांनी कधी कुणाला बसवलं नाही. मफलर नाही, खुर्ची नाही. त्या लावायच्या रविवारी सकाळी, वंदनेहून आल्यावर, दार लोटून. आणि हळूहळू माझ्या लक्षात यायला लागलं की काका त्या सारख्या उघडतायत. आधी वर्षातून एकदा, मग दोनदा. मुंबईहून कुरिअरने नवे कंडेन्सर यायचे, प्रत्येक वेळी आधीच्यापेक्षा जाडजूड. मी चेष्टेने म्हटलं, "काका, दुसऱ्यांना आठवडाभर थांबायला लावता, आणि तुमच्या पेट्यांना तुम्ही श्वास घेऊ देत नाही."

ते हसले नाहीत. "मंजिरी येत नाही, बाई."

मग त्यांनी सांगितलं. काकू, म्हणजे त्यांची बायको, कॉलनीच्या गायन पार्टीत होत्या. भीमगीतं गाणारी पार्टी, आसपासच्या गावांत, जयंतीला, नामकरणाला, लग्नाला जायची. गाणारे पुरुष, हार्मोनियमवर एक, ढोलकीवर एक, आणि मंजिरीवर काकू. मंजिरी म्हणजे ते पितळेचे छोटे टाळ. काकूंना गाता येत नव्हतं आणि त्यांनी कधी प्रयत्नही केला नाही. पण ताल असा की ढोलकीवाला चुकला तर त्यांच्याकडे बघून सावरायचा. विहाराच्या अंगणातला एक कार्यक्रम काकांनी टेपरेकॉर्डरवर घेतला होता. काकू गेल्या त्याला बरीच वर्षं झाली होती. त्यांचा आवाज कुठेच नव्हता. मोबाईलवर बोलणं रेकॉर्ड करून ठेवायची तेव्हा कुणाला बुद्धी? होती ती ही एक कॅसेट, आणि तिच्यात त्या एक शब्द बोलत नाहीत. फक्त मंजिरी.

"तीच येईनाशी झालीय," काका म्हणाले. "ढोलकी येते, हार्मोनियम येते, कोरस येतो. ती येत नाही. आधी मला वाटलं, कॅसेट झिजली. पण ती मी मागेच पेनड्राइव्हवर उतरवून घेतलीय. पेनड्राइव्ह कसा झिजेल? म्हणजे दोष पेटीतच. बारीक आवाजाच्या वाटेतच कुठेतरी."

मी वर आले आणि गॅसवर चहा ठेवला तेव्हा माझ्या डोक्यात ती इन्व्हर्टरची शिट्टी वाजली. त्याच्या आदल्याच आठवड्यात ओझरचा एक माणूस काकांशी भांडून गेला होता. काकांनी त्याच्या पेटीतला बारीक आवाज थोडा वाढवून दिला होता, आणि तो म्हणत होता, कानात टोचतंय हो. मफलर बांधून मीही तेच म्हटलं होतं. काका चिडून म्हणाले होते, लोकांना आता चांगलं ऐकायची सवय राहिली नाही.

चहा उतू गेला. मला सगळं कळलं आणि भयंकर वाईट वाटलं. या माणसाला सांगायचं कसं, की काका, पेटी ठीक आहे, पेनड्राइव्ह ठीक आहे, चौकात हवालदारही जागा आहे, आणि आवाज तुमच्या कानाच्या दारात येऊन परत जातोय? कान गेले म्हटल्यावर त्यांनी काम सोडलं असतं. आणि काम सोडलं तर त्या घरात त्यांना बाकी होतंच काय? आणि त्याहून वाईट म्हणजे, पेटी दुरुस्त होईल या आशेवर ते होते. कानाचा कंडेन्सर कोण बदलणार?

शेवटी त्यांचाच नियम माझ्या उपयोगी पडला. पुढच्या रविवारी मी खाली गेले. उजवी पेटी उघडी होती, काका मांडी घालून बसले होते, सोल्डरिंग आयर्नचा वास येत होता.

"काका, या पेट्या तपासतं कोण?"

"म्हणजे?"

"म्हणजे काम तुमचं. पास कोण करतं?"

त्यांनी आयर्न स्टँडवर ठेवलं. म्हणाले, "ती करायची. ह्याच खुर्चीवर. मफलर पण तिचाच. नोकरीत होतो तेव्हापासून माझं सगळं काम तीच तपासायची. बाई, ती नापास करायची बरं का. दोनदोनदा."

"आणि त्या गेल्यापासून?"

ते उठले, पेटीची मागची फळी बसवली, खुर्ची ओढून दोन्ही पेट्यांच्या मध्ये ठेवली आणि मफलर माझ्या हातात दिला. त्या घरात मी कितीतरी वेळा तो बांधला होता, पण त्या दिवशी मला गाठ दोनदा मारावी लागली.

गाणं लागलं. जुनं रेकॉर्डिंग, खरखरीत, मागे माणसांचा गलका, कुणीतरी खोकलेलं. ढोलकी सुरू झाली आणि तिच्या पाठोपाठ, अगदी स्वच्छ, मंजिरी. डावीकडूनही आणि उजवीकडूनही.

"येतेय, काका."

"काय येतंय?"

"मंजिरी. दोन्हीत येतेय. उजवीत जरा जास्त."

गाणं बंद झालं. "बाई," त्यांचा आवाज कोरडा होता, "माझं मन राखू नका. हे काम आहे. कामात मन राखायचं नसतं."

"मी मन राखत नाहीये."

"मग असं करा. मी पुढचं गाणं लावतो. मंजिरी वाजेल तसं बोटाने खुर्चीच्या हातावर वाजवा. प्रत्येक ठोक्याला. डोळे उघडायचे नाहीत."

गाणं लागलं. मी बोटाने ठोके द्यायला लागले. ताल सोपा होता, पण काकू मधूनच एक जास्तीचा, हलका ठोका टाकायच्या, तोही मी दिला. एक कडवं झालं, दुसरं झालं. तिसऱ्या कडव्याच्या सुरुवातीला मंजिरी अचानक थांबली. ढोलकी चालू, कोरस चालू, मंजिरी नाही. मीही बोट थांबवलं. मला वाटलं आता काका ओरडणार, चुकलात म्हणून. कडवं तसंच, मंजिरीशिवाय संपलं. आणि धृपद परत आलं तशी मंजिरी पुन्हा सुरू झाली, माझं बोटही.

गाणं संपल्यावर मी मफलर सोडला. काका माझ्या बोटाकडे बघत उभे होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ते त्यांनी पुसलं नाही, बहुधा त्यांना ते कळलंच नव्हतं.

"हे तुम्हाला कुणी सांगितलं नसणार," ते म्हणाले. "कुणाला माहीतच नाही."

त्या कडव्यात काय झालं होतं ते त्यांनी सांगितलं. त्यांची मुलगी तेव्हा दहा-अकरा महिन्यांची होती. मागे गोधडीवर निजवलेली, ती गाण्याच्या मध्येच उठली, रांगत रांगत सगळ्यांच्या मधून आली आणि आईच्या मांडीत शिरून तिने मंजिरीची दोरी धरली. काकूंनी मंजिरी खाली ठेवली आणि दोन्ही हातांनी तिला पोटाशी घेतलं. एक पूर्ण कडवं. मुलगी निजली तेव्हा पुन्हा वाजवायला लागल्या. "मी रेकॉर्डिंगला बसलेलो. समोरून डोळे वटारले तिच्यावर," काका म्हणाले. "तर ती हसली. घरी येऊन मी म्हटलं, तू माझं रेकॉर्डिंग वाया घालवलं. आठवडाभर धड बोललो नाही, बघा."

मग ते जमिनीवरच बसले. मी पाणी आणून दिलं. ते प्यायले, पेला खाली ठेवला आणि स्वतःच म्हणाले, "म्हणजे पेटी पास आहे."

"हो."

"मग नापास कोण ते कळलं." आणि थोड्या वेळाने, अगदी आपल्या नेहमीच्या सुरात, "बघा, म्हटलं होतं ना. आपण केलेलं आपण तपासायचं नाही."

मी घाबरले होते तसं काही झालं नाही. काम त्यांनी सोडलं नाही. उलट आता गिऱ्हाइकाला आधीच सांगायला लागले, "मला बारीक आवाज ऐकू येत नाही. माझ्यावर भरवसा ठेवू नका. ही खुर्ची, हा मफलर." ओझरच्या त्या माणसाला फोन करून बोलावलं आणि माफी मागून पेटी नीट करून दिली. कानाचं मशीनही घेतलं. डॉक्टरांना म्हणे पहिला प्रश्न केला, "यात कंडेन्सर केवढासा असेल हो?" मशीन लावून कॅसेट ऐकली. मी विचारलं, आली का? "आली," म्हणाले, "पण पत्र्यावर वाजवल्यासारखी. ती अशी नव्हती वाजवत." मशीन त्यांनी माणसांशी बोलण्यापुरतं ठेवलं.

स्वतःच्या पेट्यांमधून त्यांनी नवे, जाडजूड कंडेन्सर काढून टाकले. कपाटातून दुधाची एक पिशवी काढली, गाठ सोडली, आणि त्यातले कंडेन्सर परत बसवले. "हे तिने पास केलेले. मी उगाच काढले होते, चांगले होते." त्या दिवशी मी पुन्हा खुर्चीवर बसले. पास म्हटलं. आणि त्यानंतर रविवारी कधीमधी खालून हाक यायची, "बाई, वेळ आहे का?" मी खाली जायचे, ते कॅसेटचं गाणं लावायचे आणि मी खुर्चीच्या लाकडी हातावर बोटाने ठोके द्यायचे. लाकडाचा आवाज जाड, तो त्यांना ऐकू यायचा. ते पेट्यांकडे बघत नसत, माझ्या हाताकडेही नाही. भिंतीकडे तोंड करून ऐकायचे. कधी म्हणायचे, "हळू, बाई. ती एवढं जोरात नाही वाजवत."

मी नंतर पाथर्डी फाट्याला स्वतःचा फ्लॅट घेतला. तरी जात राहिले. गेल्या हिवाळ्यात काका गेले.

पुण्याहून त्यांची मुलगी आली होती, घर आवरायला. तिने मला फोन केला. "मॅडम, त्या दोन पेट्या तुम्हाला हव्यात का? नाहीतर मी कुणाला तरी देऊन टाकते. आमच्याकडे जागा नाही." मी गेले. सगळं सामान खोक्यांत गेलं होतं, फक्त पेट्या, त्यांना जोडलेला प्लेअर, खुर्ची आणि तिच्या पाठीवरचा मफलर तसाच होता. मावशी उंबऱ्यात बसल्या होत्या, पण आज त्यांच्यापुढे भाजी नव्हती.

मी म्हटलं, "अहो, आईची आठवण आहे ती. तुम्हीच ठेवा ना."

ती एकदम म्हणाली, "आईची आठवण बाबांची होती, मॅडम. दर रविवारी दार लोटून ती कॅसेट ऐकायचे. मी सुट्टीत आले तरी मला कधी बस म्हणाले नाहीत. त्यात आई आणि ते, दोघंच. माझी तिथे जागाच नव्हती." तिचा राग जुना होता आणि माझ्यावर नव्हता. मला काकांचाही राग आला, त्या क्षणी. मला परकीला सांगितलं आणि हिला नाही.

पेनड्राइव्ह प्लेअरलाच लावलेला होता. मी तिला म्हटलं, "दहा मिनिटं बसा. मग जे करायचं ते करा." मफलर दिला. ती हसली, म्हणाली, "मलासुद्धा?" पण बांधला. मला तिचा फक्त हनुवटीपर्यंतचा चेहरा दिसत होता, आणि ती हनुवटी काकांची होती.

मी ते गाणं लावलं. पहिलं कडवं. दुसरं. तिच्या मांडीवरची बोटं नकळत ताल द्यायला लागली होती. तिसऱ्या कडव्याला ती थांबली.

"आई थांबली," ती म्हणाली. "बिघडलं का काही? चुकली का ती?"

"नाही," मी म्हटलं. "इथे तुम्ही आहात. तुम्ही रांगत आलात, म्हणून तिने मंजिरी खाली ठेवली आणि तुम्हाला उचलून घेतलं. हे पूर्ण कडवं तुम्ही तिच्या मांडीवर आहात."

ढोलकी वाजत होती. कोरस गात होता. उंबऱ्यात मावशींनी डोळ्यांना पदर लावला. तिने मफलर सोडला नाही, हात तसेच मांडीवर होते, काहीही न वाजवणारे. धृपद आलं, मंजिरी पुन्हा सुरू झाली, आणि मी गाणं थांबवायला हात पुढे केला.

"थांबा," ती म्हणाली. "बाई, मागे घ्या. जिथे ती वाजवत नाही, तेवढंच परत लावा."